स्त्रियांचें आरोग्य : तांबी आणि रक्तक्षय

र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढिलें, तेव्हां हा विषय उच्चारणेंही अशिष्ट वाटे. आज वाशीसारख्या तालुक्याच्या गांवच्या भगिनींसही सरकारी दवाखान्यांत तांबी विनामूल्य बसवून मिळते. मात्र ती बसविल्यावर अंगावरून जास्त जाऊं लागलें, तर पुष्कळजणी तें मुकाट्यानें सोसतात. हें सोसणें घातक आहे.

तांब्यामुळें गर्भाशयाच्या अस्तरास सौम्य दाह होतो व स्राव वाढतो. पहिले तीन ते सहा महिने हा त्रास विशेष असतो. पुढें तो बहुधा उणावतो. एरव्हीं एका पाळींत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातें; ८० च्या वर गेल्यास तो अतिस्राव समजावा. तेवढ्या रक्ताबरोबर सुमारें ४० मिलिग्रॅम लोह जातें, आणि अन्नांतून दिवसाकाठीं एकदोन मिलिग्रॅमच अंगीं लागतें. रोजची झीज वेगळीच! जमेहून खर्च अधिक झाल्यावर शिल्लक कोठून उरावी? त्यांतून २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या शंभरांत ५४ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणून तांबी बसविण्यापूर्वींच रक्त तपासून घ्यावें.

तासा-दोन तासांनीं घडी बदलावी लागणें, मोठ्या गांठी पडणें, जिना चढतांना धाप लागणें, हीं लक्षणें दिसतांच डॉक्टरांस गांठावें. हिमोग्लोबिन १२ च्या खालीं असल्यास लोहाच्या गोळ्या घ्याव्या. त्या चहाबरोबर नव्हे, लिंबाच्या सरबताबरोबर. उसळीवरही लिंबू पिळावें. रक्त भरून आल्यावरही गोळ्या कांहीं महिने चालूं ठेवाव्या लागतात. पाळीच्या दिवसांत स्राव कमी करणारीं औषधें डॉक्टर देतात. पाळी चुकल्यास, ताप वा ओटीपोटांत कळा आल्यास मात्र त्याच दिवशीं दाखवावें.

एवढ्यानें न भागल्यास तांबी काढून घ्यावी. त्यास शस्त्रक्रिया लागत नाहीं. मात्र लगेच गर्भ राहूं शकतो, म्हणून दुसरा उपाय आधींच ठरवावा.

लगतच्या बीड जिल्ह्यांत शासकीय समितीच्या २०१९ च्या पाहणींत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कित्येकी पाळीच्याच तक्रारी घेऊन दवाखान्यांत गेल्या होत्या. तेव्हां अंगावरून जातें म्हणून कोणी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिल्यास आधीं रक्ततपासणी, औषध व तांबी काढणें, हे उपाय झाले कीं नाहीं तें विचारावें, आणि दुसऱ्या डॉक्टरांचेंही मत घ्यावें. हें विचारण्याची जबाबदारी घरांतील पुरुषांचीही आहे.