पहिली वीस मिनिटं

आठवडाभर आमच्या फुटबॉलच्या गटात एकच चर्चा चालली आहे आणि तिचा मला मनापासून राग आला आहे. आमच्यातला एकजण, वय 43, कॉलेजनंतर पहिल्यांदाच खेळायला उतरला आणि पहिल्याच धावेत पोटरी धरून खाली बसला. स्नायू फाटलाय. तो घरी पोचायच्या आत निकाल लागलासुद्धा होता: ‘या वयात हवाय कशाला फुटबॉल?’ सासूबाई म्हणाल्या, ऑफिसातले म्हणाले, आणि ज्यांनी शाळेनंतर चेंडूला पाय लावलेला नाही असे सोसायटीतले शेजारीही म्हणाले. आता त्यालाही ते पटायला लागलंय, याचं मला जास्त वाईट वाटतं.

वयाला दोष दिला की बाकी कशाचा विचार करावा लागत नाही. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. आम्ही खेळतो त्या बेंगळुरूच्या बेळ्ळंदूरला मोकळं मैदान शोधून सापडत नाही. रिकाम्या प्लॉटवर जाळी ठोकायची, प्लास्टिकचं गवत अंथरायचं, दिवे लावायचे, की झालं टर्फ. ते तासावर मिळतं. आठ ते नऊ आपली वेळ असेल, तर रिंग रोडच्या ट्रॅफिकमधून माणूस आठ-दहाला पोचतो, बुटांच्या नाड्या चालता चालता बांधतो आणि थेट आत शिरतो. पावणेनऊला पुढचा गट दारात उभा असतोच. तासाचे पैसे मोजलेले, त्यामुळे त्यातली पाच मिनिटं व्यायामाला द्यायला कुणी राजी नाही. दिवसभर खुर्चीत आणि नंतर गाडीत आखडलेल्या पोटरीकडून आपण पहिल्याच मिनिटाला विशीतली धाव मागतो. चाळिशीत स्नायू आणि टाचेमागचा अकिलीस टेंडन पूर्वीइतके लवचिक राहत नाहीत. त्यांना तापायला वेळ लागतो, आणि तोच वेळ आपण वाचवतो.

फिफाने ‘इलेव्हन प्लस’ नावाचा सराव तयार करून घेतला आहे. हळू धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, उड्या आणि शेवटी वेगाच्या धावा. सगळं मिळून वीस मिनिटं लागतात, साधन लागत नाही. नियमित करणाऱ्या तरुण संघांमध्ये दुखापती साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी झाल्याचं दिसलेलं आहे. तरुणांना जे लागतं ते आपल्याला जास्तच लागणार.

कोल्हापूरबद्दल मी फार लिहितो अशी काही वाचकांची तक्रार आहे, तरी आज लिहिणारच. तिथले फुटबॉल संघ तालमींतून उभे राहिले: पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. जोर-बैठका काढून अंगाला घाम आल्याशिवाय लाल मातीत कुस्तीला उतरायचं नाही, हा तिथला रिवाज, आणि तो फुटबॉलमध्येही आला. शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर आम्ही पोरं घरून चालतच जायचो. आधी मैदानाला फेऱ्या, मग गोल करून पासिंग, मग कुठे डाव. घड्याळ कुणाच्याच हातात नव्हतं, भाडं कुणीच मागत नव्हतं. पन्नाशीतले मामा लोक पहाटे आमच्यात खेळायचे. धावायचे कमी, पण चेंडू कुठे पडणार हे त्यांना आमच्याआधी कळायचं. उशिरा आलेल्या पोराला त्यातलेच एक दरडावायचे, ‘आधी दोन फेऱ्या मारून ये, मग बॉलला पाय लाव.’ त्यांना ‘या वयात कशाला?’ असं विचारायची पेठेत कुणाची छाती नव्हती. शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ सामना असला की हीच माणसं घसा बसेपर्यंत ओरडायची. खेळ ही वयाप्रमाणे सोडून द्यायची गोष्ट आहे, असं मला तिथे कुणी शिकवलं नाही, आणि आज बेळ्ळंदूरला येऊन मी ते शिकणार नाही.

बेंगळुरूनेच तर याचा मोठा दाखला दिलाय. बेंगळुरू एफसीचा सुनील छेत्री जून 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला, मार्च 2025 मध्ये चाळिसाव्या वर्षी परतला आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने हेडरने गोल केला. छेत्री व्यावसायिक आहे, त्याची आपली बरोबरी नाही, हे मान्य. पण चाळिशीतही तो टिकला तो खाण्यात, झोपेत आणि तयारीत शिस्त पाळली म्हणून. ती थोडीफार आपल्यालाही पाळता येते. इंग्लंडमध्ये तर 2011 साली चेस्टरफील्डला चालण्याचा फुटबॉल सुरू झाला. त्यात धावायला मनाई आहे आणि साठी-सत्तरीतली माणसंही तो खेळतात.

एक बुटांचं. माळ्यावरचे जुने लांब स्टडचे बूट टर्फवर घालू नका. ते प्लास्टिकच्या गवतात रुततात, पाऊल जागीच राहतं आणि गुडघा फिरतो. बारीक रबरी खुंट्यांचे टर्फचे बूट वेगळे मिळतात, तेच घ्या. एकदा खेळलात की मध्ये दोन दिवस पायांना सुटी द्या. रक्तदाब किंवा छातीचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

टर्फवाल्यांना माझी विनंती आहे: जाळीबाहेर, पार्किंगच्या कडेला दहा फुटांचा एक पट्टा मोकळा ठेवा आणि पुढच्या गटाला वीस मिनिटं आधी तिथे येऊ द्या. तुमचा तास कमी होत नाही. आमच्या गटाने येत्या शनिवारपासून नियम केला आहे: अंग तापवल्याशिवाय कुणी आत जाणार नाही, मग अर्धा डाव हुकला तरी चालेल. तुम्ही पुण्यात खेळा, कोल्हापुरात खेळा नाहीतर इथे, हा नियम तुमच्याही गटात करा.