चवथें द्रव्य

थोरला चिरंजीव पंधरा वर्षें न्यू जर्सीस आहे. गेल्या हिंवाळ्यांत मी त्याजकडे गेलों, तेव्हां एके सायंकाळीं तो संकोचानें म्हणाला, "अण्णा, मी शनिवारीं एक पेला घेतों. तुमच्यापासून लपवावें असें आतां वाटत नाहीं."

मी आजन्म मद्यास शिवलों नाहीं, तरी म्हटलें, "माझ्यादेखत कर, पाहूं."

पेयाचें नांव 'ओल्ड फॅशन्ड'. त्यानें जाड बुडाच्या पेल्यांत लहान चमचाभर साखर घेतली, तीवर अंगोस्टुरा नांवाच्या कडू अर्काचे दोन शिंतोडे दिले. आपल्या किराइताच्याच कुळांतील जेन्शन ही वनस्पति त्या अर्कांत असते. साखर चेंचून 60 मिलिलिटर बर्बन व्हिस्की ओतली, बर्फाचे मोठे खडे घातले व लांब चमच्यानें अर्धा मिनिट हलक्या हातानें ढवळलें. शेवटीं संत्र्याची साल वर पिळली.

तो म्हणाला, "1806 सालीं न्यूयॉर्क राज्यांतील हडसन गांवच्या वृत्तपत्रानें 'कॉकटेल'ची व्याख्या छापली: मद्य, साखर, पाणी व कडू अर्क."

"मग चवथें द्रव्य, पाणी, कोठें आहे रे?" माझ्यांतला मास्तर जागा झाला.

"ढवळण्यांत, अण्णा! बर्फ वितळून तें उतरतें. कमी ढवळलें तर जहाल, अधिक ढवळलें तर पचपचीत. आणि खळखळून हलविलें तर हवा मिसळून गढूळ."

मात्रेचा हा विवेक मला पटला, पेय नव्हे. चरकानेंहि मदात्ययाच्या अध्यायांत विधि व अविधि यांचा भेद केलाच आहे. पेला संपला, त्यानें तो धुतला व कपाट लावलें. दुसरा भरता, तर मी बोललों असतों.

वाचकहो, घरांत मद्य असावें असें मी म्हणत नाहीं; पण मुलास वडिलांपासून कपाट लपवावें लागूं नये, इतकें मात्र खास.