अपस्माराचा लगाम

फेफरे आलेल्यास कांदा किंवा वहाण हुंगविण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. झटका बहुधा आपोआप थांबतो, आणि यश वहाणेच्या पदरी पडते! औषधांच्या शोधातही एक सूक्ष्म फसगत होत आली आहे : झटका थांबला की रोग उमगला, असे मानण्याची. १९३८ साली मेरिट व पटनम यांनी मांजरांना विजेचे झटके देऊन फेनिटॉइनचा गुण पारखला. सोडियमचे विद्युद्‌भारित कण मज्जापेशीत ज्या द्वारांतून शिरतात, ती द्वारे हे औषध मिटलेली ठेवते. पेशींची अनावर खळबळ त्यामुळे शमते. असंख्य रोग्यांना त्याने तारले, यात वाद नाही.

परंतु ड्राव्हे विकाराची बालके पाहावीत. पहिल्याच वर्षी, बहुधा तापात, त्यांना दीर्घ झटके येतात. २००१ साली त्याचे कारण सापडले : एससीएन१ए या जनुकातील बिघाड. त्यामुळे सोडियमची द्वारे अपुरी पडतात, आणि तीही मुख्यत्वे इतर पेशींना आवरणाऱ्या पेशींत. लगामच ढिला झालेला असतो! अशा बालकास फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन नित्य दिल्यास तो अधिकच ढिला होतो आणि झटके वाढू शकतात.

तान्ह्या वयातील हट्टी अपस्मारात जनुकपरीक्षेस चैन समजणे म्हणूनच चुकीचे आहे. सुमारे एक तृतीयांश रोग्यांचे झटके उपलब्ध औषधांना पुरती दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी आणखी एक शामक शोधण्यापेक्षा बिघडलेला रेणू हुडकणे श्रेयस्कर. ड्राव्हे विकारात, जनुकाच्या निर्दोष राहिलेल्या प्रतीकडूनच अधिक प्रथिन करवून घेण्याचे प्रयोग रोग्यांवर चालू आहेत.