उंचीसाठी बास्केटबॉल, बुद्धीसाठी टेनिस

पोरगं उंच व्हावं म्हणून त्याला बास्केटबॉलला घालणारे आईबाप आपल्याकडे कमी नाहीत. एनबीएतले खेळाडू ताडमाड असतात ना, मग झालं तर! ते मुळात उंच होते म्हणून तिथवर पोचले, हे सांगायला जावं तर आपणच अतिशहाणे ठरतो. आता ह्याच तर्काची नवी आवृत्ती निघाली आहे. अमुक खेळाने मेमरी वाढते, तमुक खेळाने गणित सुधारतं. घरी फोन केला की विचारणा होते, "तिकडचं रिसर्च काय म्हणतं रे? पोहणं चांगलं की टेनिस?"

तर मंडळी, आधी वर्किंग मेमरी म्हणजे काय ते बघू. ती म्हणजे पाठांतर नव्हे. माहिती काही सेकंद डोक्यात धरायची आणि त्याच वेळी तिच्यावर काम करायचं, ती ही जागा. तोंडी बेरजेतला हातचा राहतो ना, तिथे. आणि जागा भलतीच तोकडी. जेमतेम चार गोष्टी मावतात, असं नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडलं.

खेळांच्या ढोबळ जाती दोन. पोहणं, गोळाफेक, नेमबाजी यांत ठरलेली हालचाल घोटायची. कबड्डी, खो-खो, टेनिस, फुटबॉल यांत समोरचा क्षणाक्षणाला बेत बदलतो. दुसऱ्या जातीत ही मेमरी जास्त राबते, हे मान्य. इथल्या अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक घ्या. कोच हेल्मेटमधल्या स्पीकरवर डावाचं लांबलचक नाव सांगतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद. ते नाव डोक्यात धरायचं, सोबत्यांना सांगायचं, समोरची मांडणी बघून लागलं तर बदलायचं.

पण राबली म्हणजे वाढली असं कुठे आहे? १९८० सालच्या एका प्रयोगात बास्केटबॉलपटूंना सामन्यातली चित्रं काही क्षण दाखवली. डाव रचलेला असला की कोण कुठे उभं होतं ते त्यांना इतरांपेक्षा जास्त आठवायचं. चित्रात नुसती धावपळ असली की फरक गायब! २०१० साली जर्मनीत बास्केटबॉलपटूंची ठोकळ्यांचा क्रम लक्षात ठेवण्याची साधी चाचणी घेतली. न खेळणारेही तितकेच निघाले. म्हणजे वाढतो तो त्या खेळाच्या ओळखीचा साठा. त्या साठ्यामुळे चार गोष्टींच्या जागेत मोठाले गठ्ठे बसतात. जागा तेवढीच राहते, आणि बास्केटबॉलचा गठ्ठा गणिताच्या पेपरात उपयोगी पडत नाही.

"पण स्वीडनचे फुटबॉलपटू?" हो, २०१२ साली तिथल्या वरच्या डिव्हिजनचे खेळाडू विचारशक्तीच्या चाचण्यांत खालच्यांपेक्षा सरस ठरले. आता सांगा, फुटबॉलने ते हुशार झाले, की मुळात हुशार होते म्हणून वर पोचले? पुन्हा उंचीचाच प्रश्न.

ह्याचं उत्तर हवं तर चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडावे लागतात. इलिनॉय विद्यापीठात तसं केलं. २०११ साली निकाल आला. सात ते नऊ वर्षांची जी मुलं शाळा सुटल्यावर रोज पळापळीचे खेळ खेळली, त्यांची वर्किंग मेमरी सुधारली. त्यांना कुठल्या एका खास खेळाचा क्लास नव्हता. भरपूर धावणं, दम लागेपर्यंत हुंदडणं, इतकंच. ह्याला फी किती लागते?

राग येतो तो इथेच. खो-खोत रमलेल्या पोरीला उचलून 'बुद्धीवर्धक' टेनिसला न्यायचं, तिथे तिचं मन लागत नाही आणि वर्षभरात खेळच सुटतो. मग जे खात्रीने मिळत होतं तेही गेलं. शाळेतला पीटीचा तास गणिताला देऊन टाकणारे सर आणि गणितासाठी खेळ निवडणारे पालक, दोघे एकाच माळेचे मणी.

पोरांना आवडेल ते खेळू द्या. मार्कांचा हिशेब मैदानाबाहेर ठेवा.