रात्रीची जाग आणि पाळीचा तक्ता

रात्री अडीच-तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, ही तक्रार पालघर-बोईसर परिसरातील कोणत्याही वैद्याला नवी नाही. वेळ ऐकताच आपण निदान करून मोकळे होतो: मध्यरात्र असेल तर पित्त, उत्तररात्र असेल तर वात. नियम वाग्भटाचा आहे. दोष त्याचा नाही. परंतु त्याच सूत्रात वय, दिवस व रात्र यांच्या जोडीने भोजनाचाही काळ सांगितला आहे, याचा आपणांस सोयीस्कर विसर पडतो.

तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगाराचेच पाहा. रात्रपाळीच्या आठवड्यात तो मध्यरात्रीनंतर डबा उघडतो आणि उजाडल्यावर पत्र्याच्या खोलीत झोपतो. पुढील आठवड्यात पाळी बदलते. दहाला अंथरुणावर पडलेला हा माणूस अडीचला टक्क जागा होतो, कारण गेल्या आठवड्यात हीच त्याची जेवणाची वेळ होती. येथे वातप्रकोप झालाच असेल तर तो परिणाम होय, मूळ हेतू नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चरकाने सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रानाशाचे पाच हेतू गणले आहेत: कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. कार्य प्रथम, वायू शेवटी. आमची प्रश्नपरीक्षा मात्र नेमकी उलट्या क्रमाने चालते! (डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा उघड्यावर रात्र काढणाऱ्यांची झोप कशाने उडाली हे सांगावयास नाडी पाहण्याची गरज नव्हती.)

विकाराविषयीही हीच अनास्था. मूत्रप्रवृत्तीसाठी उठावे लागते का, रक्तशर्करा किती, घोरताना श्वास अडकतो का, आडवे होताच दम लागतो का, हे न विचारता अश्वगंधा लिहून देणे ही चिकित्सा नव्हे. सर्पगंधा तर रक्तदाबही उतरविते. रक्तदाबाच्या गोळ्या आधीच चालू असलेल्या आणि रात्री रिअॅक्टरपाशी उभ्या राहणाऱ्या कामगारास ती देताना वैद्याचा हात थबकला पाहिजे.

जागरणाच्या निम्मा काळ सकाळी अभुक्त अवस्थेत झोपावे, असे वाग्भट सांगतो. सलग सहा रात्री जागणाऱ्यास निम्मी झोप पुरणार नाही. पण भरपेट न्याहारी करून झोपू नये, एवढे तरी त्यातून घ्यावे. मधुमेह्यास मात्र उपाशी झोपवू नये. पाळी बदलून घेणे बहुतेकांच्या हाती नसते. म्हणून रात्रीचा डबा हलका करावयास सांगतो, आणि पुढच्या खेपेस येताना पाळीचा तक्ता सोबत आणावयास.