येऊ दे, येऊ दे!

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत 22 वर्षं काढली. भट्टीचे चटके खाल्ले, त्याची तक्रार नाही. राग आहे तो गेटचा. माणसं आणि ट्रक एकाच गेटातनं. सकाळची पाळी सुटायची, नेमका तेव्हाच वाळूचा ट्रक रिव्हर्स यायचा. मागं हेल्पर पोरगा उभा, "येऊ दे, येऊ दे" ओरडत. ड्रायव्हरला आरशात जिथलं काहीच दिसत नाही, तिथंच! एका पावसाळ्यात त्याचा पाय चाकाखाली गेला. रजिस्टरात लिहिलं, "कामगाराचं लक्ष नव्हतं."

लक्ष कुणाचं नव्हतं, सांगा बघू? सायबांच्या गाडीला पत्र्याची शेड होती, आम्हाला चालायला पट्टा आखायचा तर जागा नव्हती म्हणे. वर चमकणारी जाकिटं वाटली. जाकिटानं ट्रक थांबतो काय? पाळी सुटताना 15 मिनिटं ट्रक बाहेर थांबवा आणि भिंतीत माणसांपुरतं दार पाडा, एवढंच मागत होतो.

दार झालं की! तीन वर्षांनी. ऑफिसात येणाऱ्या पाहुण्यांसाठी. मी रिटायर झालो त्या दिवशीसुद्धा ट्रकच्याच गेटातनं बाहेर पडलो.