जुन्या शेगडीचा ऐब रंगाखाली झाकू नका

जुन्या मालाचा धंदा मोठ्या प्रमाणावर आपल्या लोकांच्या हातात आहे. मुंबईच्या चोर बाजारापासून तालुक्याच्या आठवडे बाजारापर्यंत भंगार, जुने फर्निचर, यंत्रांचे सुटे भाग, पितळी भांडी घेणारे आणि त्यांना पुन्हा वापरण्याजोगे करून विकणारे कारागीर आपल्यात हजारोंनी आहेत. या धंद्याला कोणी कमी लेखू नये. टाकाऊ झालेली वस्तू हाताच्या कसबाने उभी करणे ही हलाल कमाईच आहे. परंतु सगळा जुना माल एका मापाने मोजता येत नाही. जुन्या कपाटाचे बिजागर निखळले तर गिऱ्हाइकाचे शंभर-दोनशे रुपये जातात. खोली उबदार करण्यासाठी विकलेल्या जुन्या कोळशाच्या शेगडीला तडा असला तर मात्र झोपलेल्या घराचा जीव जाऊ शकतो. म्हणून या एका वस्तूसाठी बाजाराचा नेहमीचा रिवाज चालणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागात थंडी थोडे दिवस असते, त्यामुळे हा विषय दूरचा वाटेल. काश्मिरात तसे नाही. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस तेथे ‘चिल्ला-ए-कलां’ हा कडाक्याचा काळ मानतात. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांपर्यंत उतरला होता. तेथील घरांत कांगडी आणि हमाम यांच्या जोडीला ‘बुखारी’ असते. बुखारी म्हणजे पत्र्याची किंवा बिडाची उभी शेगडी. तिच्यात लाकूड किंवा दगडी कोळसा जाळतात आणि धूर नळीवाटे घराबाहेर जातो. बुखारी महाग, म्हणून जुनी घेऊन दुरुस्त करून वापरणारे पुष्कळ. ती दुरुस्त करतात ते लोहार आणि पत्रेवाले. आपल्याकडे याच जातीची वस्तू म्हणजे पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब. शिवाय जुन्या बंगल्यांतून निघालेल्या बिडाच्या विलायती शेगड्याही कधीमधी जुन्या बाजारात येतात आणि थंड हवेच्या ठिकाणी घर बांधणारे शौकीन लोक त्या विकत घेतात. तेव्हा प्रश्न आपल्याही दारात आहे.

धोका नेमका कशाचा, हे कारागिराने समजून घेतले पाहिजे. कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्रथम डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. जागा माणूस उठून बाहेर तरी पडेल, झोपलेला उठतच नाही. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरमध्ये भाड्याच्या घरात एकाच कुटुंबातील पाच जण मरण पावले. त्यांत लहान मुले होती. खोली गरम करण्याच्या साधनामुळे गुदमरून हे घडल्याचे तेव्हा सांगण्यात आले. लोणारी कोळशाला धूर नसतो, म्हणून तो बंद खोलीत चालतो, हा समज तर फारच घातक आहे. धूर दिसला नाही म्हणजे विषारी वायू नाही, असे मुळीच नव्हे.

आता दुरुस्तीकडे वळू. बाजारात ‘दुरुस्ती’ म्हणून जे चालते ते बहुधा एवढेच: तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, वरून काळा रंग मारायचा आणि दुकानाबाहेर मांडायची. याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. हा नुसता शृंगार झाला. खऱ्या दुरुस्तीची सुरुवात रंगाच्या आधी होते. शेगडीचा प्रत्येक भाग सुटा करावा. बिडाच्या भागावर छोट्या हातोडीने हलके टकटक करावे. अखंड बीड खणखणीत वाजते, तडकलेले बद्द आवाज देते. मग शेगडी पुन्हा जोडून अंधाऱ्या खोलीत आत दिवा ठेवावा. जेथून उजेड बाहेर येतो तेथून वायूही बाहेर येणार. दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज ओढली गेली तर दाराचा दोर बदलायला हवा. या तपासण्यांना यंत्र लागत नाही, एक तासभर वेळ लागतो.

तडा सापडला तर काय करावे? आमचे वेल्डर बंधू पटकन साधी लोखंडी कांडी लावून मोकळे होतात. बीड हे ठिसूळ असते. साध्या कांडीने जोडलेली जागा कडक होते आणि दोन-चार वेळा तापून निवली की शेजारून पुन्हा तडकते. बिडाला आधी तापवून, निकेलची कांडी वापरून, सावकाश निववून जोड द्यावा लागतो. तरीही प्रत्यक्ष जाळ लागणाऱ्या जागेचा जोड भरवशाचा नसतो. तेथे ओताऱ्याकडून नवीन भाग ओतून घेणे हेच शहाणपणाचे. पत्र्याच्या बुखारीत तर पत्रा किती पातळ झाला आहे हे पाहावे. अंगठ्याने दाबला जाणारा पत्रा भंगारातच गेला पाहिजे.

आणखी काही गोष्टी कारागिरांनी गाठीशी बांधाव्यात. लाकूड राखेच्या थरावरही जळते, दगडी कोळशाला मात्र खालून हवा लागते. म्हणून जाळी नसलेली लाकडाची शेगडी ‘कोळशालाही चालेल’ असे सांगून विकणे हे खोटे बोलणे आहे. कोळशाची आच अधिक, त्यामुळे आतून अग्निरोधक विटांचे अस्तर शाबूत हवे. धुराच्या नळीसाठी जस्ती पत्रा वापरू नये. फार तापल्यावर जस्ताचा जो धूर निघतो त्याने ताप भरतो, हे वेल्डिंग करणाऱ्यांना सांगायला नको. नळी सतत चढती असावी, वळणे कमीत कमी असावीत आणि तोंड छपराच्या वर निघावे. नळीतील झडप पूर्ण बंद होणारी नसावी. तिला भोक असावे, म्हणजे कोणी विसरून बंद केली तरी वायूला वाट राहते. जुन्या शेगड्यांच्या दारांना अॅस्बेस्टॉसचा दोर असू शकतो. तो कोरडा खरवडू नये आणि त्यावर फुंकर तर मुळीच मारू नये. त्याची धूळ फुप्फुसांत बसते आणि त्याचे परिणाम अनेक वर्षांनी दिसतात. तो ओला करून काढावा, पिशवीत बांधावा आणि जागी काचतंतूचा दोर लावावा. आपल्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांची जबाबदारी आपल्यावरच आहे.

यावर दुकानदार म्हणतील, ‘एवढे करत बसलो तर माल महाग पडतो आणि शेजारचा रंग मारून निम्म्या किमतीत विकतो.’ ही अडचण खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. परंतु तिचा उपाय तपासणी टाळण्यात नाही. तपासणीची मजुरी उघडपणे मागावी. नळीला धूर ओढ घेतो की नाही, हे गिऱ्हाइकासमोर शेगडी पेटवून दाखवावे, अर्थात उघड्या जागेत. जो माणूस आपल्या मुलाबाळांच्या खोलीत ही वस्तू ठेवणार आहे तो हे पाहिल्यावर दोन पैसे जास्त देतो. न देणाराही असेल. त्याला तडकलेली शेगडी स्वस्तात देण्यापेक्षा गिऱ्हाईक गेलेले बरे.

आपल्याला तर ही शिकवण नवीन नाही. सहीह मुस्लिममध्ये आलेली हकिकत सर्वांना माहीत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर आपण (स.) यांनी विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की पाऊस पडला हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ओल झाकली हा गुन्हा होता. तसेच शेगडीला तडा गेला यात दुकानदाराचा दोष नाही. तडा रंगाखाली दडवला हा दोष. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने खोट असलेले कापड खोट न सांगता विकले, तेव्हा त्या व्यवहाराची रक्कम त्यांनी दान करून टाकली, असे त्यांच्या चरित्रांत येते. फिक्हमध्ये लपलेला ऐब आढळल्यास माल परत करण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क मान्य आहे. मग ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी लावून आपण कोणाला फसवतो?

देशाचा कायदाही याच बाजूचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेत्याने वस्तूत फेरबदल केला आणि त्या फेरबदलामुळे इजा झाली, तर नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. मी फक्त विकली, बनवली दुसऱ्याने, हे म्हणणे तेथे टिकणार नाही. हिशोबाचीही एक बाब सांगून ठेवतो. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांना जुन्या मालावर खरेदी आणि विक्री यांतील फरकावरच कर भरण्याची सोय आहे. मात्र खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसावी आणि मालावर किरकोळ कामच झालेले असावे, वस्तूचे स्वरूप बदललेले नसावे, अशा अटी आहेत. मोठी दुरुस्ती करणाऱ्यांनी आपल्या हिशोबनिसाला विचारून बिल करावे.

काही जण विचारतील की कोळसा जाळण्याचे युग संपत आले असताना ही उठाठेव कशाला? इंग्लंडमध्ये घरात जाळण्याच्या धुरकट दगडी कोळशाची विक्री २०२३ च्या मे महिन्यापासून पूर्ण बंद झाली, हे खरे आहे. हवा स्वच्छ राहावी हे आम्हालाही मान्य आहे. परंतु जेथे हिवाळ्यात विजेचा भरवसा नाही आणि गॅस परवडत नाही, तेथे गरीब माणूस शेगडी पेटवणारच. त्याला उपदेशापेक्षा न गळणारी शेगडी अधिक उपयोगी पडेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दुकानात जुन्या शेगड्यांचे तीन वेगळे ढीग करावेत. पहिला, तपासून पेटवण्याजोग्या ठरलेल्यांचा. दुसरा, दुरुस्ती बाकी असलेल्यांचा. तिसरा, केवळ शोभेच्या म्हणून विकायच्या शेगड्यांचा. तिसऱ्या ढिगातल्या शेगडीची जाळी काढून घ्यावी आणि धुराचे तोंड पत्र्याने कायमचे बंद करावे. आज घेणारा शोभेसाठी घेतो, उद्या त्याच्या घरात राहायला आलेला भाडेकरू ती पेटवू पाहील. पहिल्या ढिगातील प्रत्येक शेगडीबरोबर एक चिठ्ठी द्यावी: काय बदलले, कोणते इंधन चालेल, नळीशिवाय पेटवू नये, खोलीत हवेला वाट ठेवावी, झोपण्यापूर्वी निखारे पाहावेत, घरातल्या सर्वांचे डोके एकदम दुखू लागले तर लगेच बाहेर पडावे. चिठ्ठीवर दुकानाचे नाव आणि शिक्का असावा.

ज्या वस्तूवर आपले नाव लिहायला हात कचरतो ती वस्तू विकू नये. एवढा एक नियम चार दुकानदारांनी जरी पाळला, तरी बाजारात जुन्या शेगडीचा भाव वाढेल आणि आपल्या कारागिरांच्या शब्दाचाही.